घागरीवरचा चांद

परळीत चुनाभट्टीच्या गल्लीत शहादेव कासाराचं दुकान कुठं म्हणून विचारा, कुणीही बोट दाखवील. आता त्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि राख जास्त. हो, राखच. बाकीच्या गावांत भांड्यांवर धूळ बसते, परळीत थर्मल वीजकेंद्राची राख बसते. म्हातारा सकाळी नऊला दार उघडतो, फडकं घेऊन एकेक तांब्या पुसतो, आणि जेवून आला की परत पहिल्यापासून पुसायला लागतो. "कावून जीव काढताव त्या भांड्यांचा?" असं बायको, विमलबाई, रोज विचारते. चाळीस वर्षांत या माणसानं बायकोला एकाही गोष्टीचं उत्तर दिलेलं नाही, तर हे कुठून देणार?

ऐन उमेदीत मात्र शहादेवचा हात असा होता की बघत राहावं. भांड्यावर नाव घालावं तर त्यानंच. तेव्हा नाव घालायची मशीन नव्हती. एक छिन्नी, एक हातोडी, टकटक टकटक, ठिपक्याला ठिपका जोडून अक्षर उठायचं. लग्नातला तांब्या असो, बारशाची वाटी असो, 'सप्रेम भेट' घालायला निम्मी परळी त्याच्या फळीवर येऊन बसायची. त्यात त्याच्या बापानं घालून दिलेली एक रीत होती. नाव संपलं की शेवटी खूण करायची. हिंदूचं भांडं असलं तर तीन ठिपक्यांचं बेलाचं पान, वैजनाथाचं गाव ना आपलं! मुसलमानाचं असलं तर बारीक चांद. या खुणेचे वेगळे पैसे नाहीत. नळावर, पंगतीत भांड्यांची अदलाबदल होते, ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आपलं भांडं ओळखता यावं, एवढाच बापाचा हेतू. भला माणूस होता बाप. त्याच्या त्या भलेपणानंच पुढं घात केला.

शहाऐंशीचं साल होतं. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड काळं केलं होतं. नळ नावाला, विहिरींच्या तळाला गाळ, आणि बाया डोक्यावर रिकामी भांडी घेऊन सकाळपासून हिंडायच्या. सगळ्या गावाचं वाटोळं होत होतं, पण त्याच दुष्काळात एका माणसाचं नशीब उघडलं. तो बंकट.

बंकट कोण? तर रेल्वेच्या वाघिणींवर चढून कोळसा खाली लोटणारा. आधी एकटा लोटायचा, मग चार पोरं ठेवली, मग चाळीस. यार्डापासून चुनाभट्टीपर्यंत त्याच्या शब्दाबाहेर कोळशाचा खडा हलायचा नाही. कुणी आडवा आला तर त्याचं दुकान जळायचं, आणि कसं जळालं ते कुणालाच दिसायचं नाही. अशा या बंकटला दुष्काळात कुणीतरी शहाणपण शिकवलं की गड्या, चोरी कशाला करतोस, सहकारी संस्था काढ! त्यानं मजुरांची सहकारी संस्था काढली. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे अंगठे गोळा केले. आपण कुठल्या संस्थेचे सभासद आहोत हे त्या बिचाऱ्यांना ठाऊकही नव्हतं. संस्थेला टँकरचं काम मिळालं आणि वाघिणीवरचा बंकट एका महिन्यात चेअरमनसाहेब झाला.

आता त्याची युक्ती ऐका. गल्लीत रोज टँकरच्या तीन खेपा यायच्या होत्या. यायची एक. उरलेल्या दोन हॉटेलांना, बांधकामांना आणि पैसेवाल्यांच्या मोसंबीच्या बागांना. मग तीन खेपा मिळाल्या म्हणून घरटी सही घ्यायची, आणि जो सही करील त्याला चेअरमनकडून एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, नवी घागर भेट. घागरीवर नाव: 'सप्रेम भेट, बंकटराव'. टँकरवर बंकटचा माणूस उभा. ज्या घागरीवर नाव, तिच्यात आधी पाणी. नाव नसलेल्यांनी शेवटी थांबायचं, टाकीच्या बुडाला गढूळ गिल्लास-दोन गिल्लास उरलं तर उरलं. दोन खेपा ढापणाऱ्याला लोक वर आणि दुवा देत होते. बळी तो कान पिळी म्हणतात, इथं तर पिळून घेणारा कान स्वतःहून पुढं करत होता.

आणि त्या दोनशे घागरींवर नाव कुणी घातलं? शहादेवनं. दुसरं कोण घालणार? अकरा दिवस तो मान वर न करता ठोकत होता, प्रत्येक नावाशेवटी बेलाचं पान. ऑर्डर एकाच माणसाची, म्हणून खूणही एकच. घागर पुढं हिंदूच्या घरी जावो नाहीतर मुसलमानाच्या. वाईट वाटत होतं का? खरं सांगायचं तर नाही. दुष्काळात हाताला काम होतं. स्वतः शहादेवनंही सही केली होती आणि त्याच्या घरीही एक घागर होती.

सही केली नाही ती एका माणसानं. सलीम. शहादेवच्या दुकानापासून तिसरं दुकान त्याचं, मोटार वाइंडिंगचं. जळालेली पंपाची मोटार आणून टाकावी, आणि या माणसानं बोटांनी तांब्याची बारीक तार अशी गुंडाळावी की मोटार नवीसारखी. रोज अकरा वाजता दोघांचा चहा एकाच कपबशीत. कप सलीमचा, बशी शहादेवची.

"सही करून टाक बे," शहादेव म्हणायचा, "सगळ्यांनी केली."

"एक खेप येते बे शहादेव. तीनवर सही कशी करू? उद्या वर गेल्यावर अल्लाला काय सांगू, मला तीनपर्यंत मोजता येत नव्हतं?"

आणि स्वतःच हसायचा. असा माणूस. पण घरात हसण्यासारखं काही नव्हतं. पोरगी सुरैया तेव्हा आठ महिन्यांची, तापानं फणफणलेली. सलीमची बायको हाफिजा रोज रांगेच्या शेवटी उभी राहायची, आणि शेवटी उभं राहणाऱ्याला काय मिळतं ते सांगितलंच. एक दिवस रेटारेटीत तिच्या घागरीला मोठा पोचा आला. तीही जर्मनचीच घागर, तिच्या घरची. ती शहादेवकडं घेऊन आली.

"भाऊ, एवढा पोचा काढून द्या. उद्या सकाळी नेते."

कडेवर पोर. पोराचे ओठ फुटलेले. शहादेवला दया आली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं तुम्ही त्याला शिव्या द्याल, आणि द्याव्याच. पण दया आली होती, ती खरी होती. पोचा काढता काढता त्याच्या मनात आलं की घागर तर तशीच दिसते, नुसतं नाव पाहिजे. सलीमला विचारावं का? सलीम घागरच फेकून देईल. हाफिजाला सांगावं का? ती सलीमला सांगेल. मग कशाला सांगा? चार ठोके मारायचे, पोराच्या तोंडात पाणी पडतंय, आपलं काय जातंय? घागरीच्या एका बाजूला 'सलीम' असं त्यानंच पूर्वी घातलेलं नाव होतं. दुसऱ्या बाजूला त्यानं घातलं: 'सप्रेम भेट, बंकटराव'. सकाळी हाफिजा आली, घागर घेऊन गेली. तिला मराठी वाचता येत नव्हतं.

पण हात, हो, हाताला सवय असते. घागर सलीमची. नाव संपलं आणि हातानं आपोआप चांद घातला.

चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. टँकरवरचा पोऱ्या शिकलेला होता, तो नाव वाचायचा आणि पुढं घ्यायचा. पाचव्या दिवशी टँकरवर सटवा आला, बंकटचा उजवा हात. सटवा अंगठेबहाद्दर. तो नाव बघायचाच नाही, बेलाचं पान बघायचा. नाववाल्यांच्या रांगेत पुढं उभ्या हाफिजाची घागर त्यानं फिरवली, परत फिरवली.

"हे काय बे? चांद? आपल्या घागरीवर चांद कधीपासून आला?"

अर्ध्या तासात बंकट जीपमधून चौकात उतरला. सलीमला दुकानातून धरून आणलं होतं. रांगेतल्या बाया घागरी कमरेवर घेऊन तशाच उभ्या. सटवाच्या हातात टॉमी, ट्रकची चाकं खोलायची लोखंडी कांब. मग शहादेवला बोलावलं.

बंकट ओरडला नाही. तो कधीच ओरडायचा नाही. घागर पुढं धरून हळू आवाजात म्हणाला, "शहादेव, हे तुझ्या हातचं ना?"

"हो, चेअरमनसाहेब."

"कुणी सांगितलं घालायला?"

आता इथं माणसानं काय करावं? सांगावं, मी घातलं, माझ्या मनानं घातलं, याचा यात काडीचा संबंध नाही. एवढंच तर होतं. पण शहादेवनं सटवाच्या हाताकडं बघितलं. त्याचं तोंड उघडलं आणि त्यातून शब्द आले ते असे:

"सलीमनंच आणून दिली, साहेब. म्हणला, चेअरमनसाहेबांनी सांगितलंय म्हणून."

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

सलीमनं मान वर केली. शहादेवला वाटलं, आता हा ओरडणार, खोटं बोलतो म्हणणार. सलीमनं त्याच्याकडं बघितलंच नाही. तो रांगेतल्या हाफिजाकडं बघत होता. तिच्यावरची नजर न काढता म्हणाला, "हां. मीच सांगितलं."

सटवानं त्याचा उजवा हात टँकरच्या पायरीवर ठेवला. तीन वार. मोजून तीन. बंकट म्हणाला, "माझं नाव चोरतो बे? मागितलं असतं तर दिलं नसतं का?" आणि लोकांनी, काय सांगावं, लोकांनी माना डोलावल्या. इतके दिवस ताठ मानेनं फिरणारा सलीम चोरून नाव घालून पाणी पीत होता म्हणे! हाफिजा घागर सोडून धावली. बाकीच्यांनी आपापल्या घागरी भरून घेतल्या. शहादेवच्या घरचीही भरली.

वाइंडिंगवाल्याची बोटं गेली म्हणजे काय राहिलं? आठ दिवसांत सलीमनं बिऱ्हाड हलवलं आणि उदगीरला मेहुण्याकडं गेला. जाताना शहादेवच्या दुकानावरून हातगाडी गेली. त्यात ती घागरही होती. शहादेव खाली मान घालून तांब्या पुसत बसला. त्याच आठवड्यात बंकटनं आणखी पन्नास घागरींचं काम पाठवलं. शहादेवनं ते केलं. मूग गिळले तर पोटभर गिळले. फक्त एक केलं, त्या दिवसानंतर कुठल्याच भांड्यावर खूण घातली नाही, ना बेल, ना चांद. कुणी विचारलं तर म्हणायचा, "डोळ्याला दिसत न्हाई आता." तेव्हा तो तीस वर्षांचा होता.

वर्षं गेली. चुनाभट्टी गेली, त्या जागी फ्लॅट आले. लोक जारचं पाणी विकत घेतात. सलीमच्या दुकानात आता मोबाईल मिळतात. सटवा कुठं बेपत्ता झाला, देव जाणे. बंकट मात्र अंथरुणात मेला, नातवंडं उशाशी घेऊन, आणि त्या चौकाला त्याचं नाव दिलं. निळी पाटी, पांढरी अक्षरं. दर वर्षी पुण्यतिथीला पोरं कुणाच्या तरी माळ्यावरची जुनी घागर आणून हार घालतात, फोटो काढतात आणि लिहितात: दुष्काळात घराघराला पाणी पाजणारा दाता. नवी पोरं, त्यांना काय माहीत? पुरावा म्हणून घागरीवर नाव आहेच. नाव ज्याच्या हातचं, तो समोरच्या दुकानात बसून ते सगळं बघतो. दर वर्षी त्याला वाटतं, उठावं आणि सांगावं. आणि दर वर्षी गुडघे दुखतात.

गेल्या चैत्रात, भर दुपारी, एक रिक्षा दुकानासमोर थांबली. चष्मा घातलेली एक पोक्त बाई उतरली, तिनं एका म्हातारीला हाताला धरून उतरवलं. म्हातारीनं फळीवर एक घागर ठेवली. शहादेवनं माणसाच्या आधी घागर ओळखली.

"वळखलं का भाऊ?" म्हातारी म्हणाली. "मी हाफिजा. ही सुरैया."

विमलबाई आतून जारचं पाणी घेऊन आली. सुरैया प्यायली. हाफिजानं पेला हातात धरला आणि खाली ठेवून दिला.

"सलीम गेला. रमजानमधी," ती म्हणाली. "जायच्या आधी माझा हात धरून म्हणला, 'हाफिजा, वो घागर का मैंने माफ किया तेरेको.' मी म्हणलं, कशाची माफी? तर म्हणला, 'तूने नाम डलवाया था ना, बच्ची के वास्ते. मैंने कभी पूछा नहीं.'"

शहादेवच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"मला वाटायचं, त्यानंच घातलं," हाफिजा म्हणाली. "पाणी मिळाया लागलं तवा मनात म्हणलं, पोरीसाठी वाकला बिचारा. इचारलं तर शरमंल, म्हणून मी कदी इचारलं न्हाई. आन त्यो समजत व्हता मी तुमच्यापुढं जाऊन हात पसरले. चौकात म्हणून त्यो गप बसला, माझं नाव येऊ नये म्हणून. अडतीस वर्षं, भाऊ. एका घरात, एका ताटात. त्यो मला माफ करत व्हता आन मी त्याला." तिनं फळीवरच्या घागरीवर बोट ठेवलं. "मी न्हाई घातलं. त्यानं न्हाई घातलं. मग कुणी?"

अडतीस वर्षं शहादेवला वाटत होतं की आपण एका माणसाचा हात मोडला. तेवढंच ओझं त्याला पेलत नव्हतं. आता कळलं की हात तर गेलाच, पण त्या घरात दोन माणसांच्या मधोमध ती घागर इतकी वर्षं बसून होती, आणि ठेवली होती आपणच, दया म्हणून. खोटं बोलायला अजूनही जागा होती. विसरलो म्हणता आलं असतं, म्हातारपणाचा तेवढा तरी फायदा. विमलबाई दारात उभी राहून बघत होती.

"मी घातलं, भाभी," तो म्हणाला. "माझ्या मनानं. पोरीकडं बघवंना म्हणून. कुणीच सांगितलं नव्हतं. आन चौकात खोटं बोललो ते टॉमीच्या भ्यानं."

विमलबाईच्या तोंडून "अगं बया" एवढंच निघालं. सुरैयानं चष्मा काढला. हाफिजानं घागर उचलून कमरेवर घेतली, त्या दिवशीसारखी.

"म्हंजी त्यो मेला तरी चुकीच्याच माणसाला माफ करून मेला," ती म्हणाली. "मला सांगून काय व्हतंय, भाऊ? तवा चौकात बोलला व्हताव. आताबी चौकात बोला. त्याचं नाव तिथंच गेलं."

वरातीमागून घोडं, पण शहादेव उठला. गुडघे दुखत होते. चौक वीस पावलांवर. मोबाईलच्या दुकानापुढं सात-आठ पोरं उभी होती, पानवाला होता, दोन रिक्षावाले होते. अडतीस वर्षं त्याला एकच भीती होती की हे तोंडातून निघालं की गल्ली आपल्या तोंडावर थुंकेल. निळ्या पाटीखाली उभा राहून तो ओरडला, "ऐका! सलीमनं नाव चोरलं नव्हतं! त्याच्या घागरीवर मी नाव घातलं व्हतं! मी खोटं बोललो!"

कुणी थुंकलं नाही. रिक्षावाल्यानं मान वळवली आणि परत फिरवली. मोबाईलच्या दुकानातलं पोरगं बाहेर आलं, म्हाताऱ्याच्या दंडाला धरून म्हणालं, "काका, ऊन लागलं का? बसा हितं. कोण सलीम?"

"सलीम... वाइंडिंगवाला. ह्याच, ह्याच दुकानात बसायचा तू बसतो तिथं. दुष्काळात घागरीवर बंकटचं नाव..."

"हां, हां, चेअरमनसाहेबांच्या घागरी!" पोराच्या डोळ्यांत ओळख आली. "मग त्यानं घागर चोरली व्हती का साहेबांची? चोर व्हता व्हय त्यो?"

शहादेवनं मागं वळून बघितलं. हाफिजा घागर घेऊन उन्हात उभी होती. कुणी बसायला सांगूनही बसत नव्हती.

"न्हाई," शहादेव पोराला म्हणाला. "चोर मी. आन वर पाटीवर ज्याचं नाव हाय, त्यो. तू बस खाली. पहिल्यापासून सांगतो."

पोरानं मोबाईलमध्ये बघितलं, मग म्हाताऱ्याकडं बघितलं, आणि म्हणालं, "लई टाइम लागंल का काका? गिऱ्हाईक हाय."